माझ्या उजव्या कुशीतले गोळीचे भोक

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर फारसा कोणाचा बसलेला नाही, आणि ज्याचा बसला त्याने मला पुढे फार त्रास दिला.

मी एक जुनी मोटारबोट आहे. सध्या माझा मुक्काम नर्मदेच्या काठी, मणिबेलीला असतो. तुम्ही मला पाहाल तर नाक मुरडाल. माझा रंग करडा आहे आणि तोही जिथे राहिला आहे तिथेच. माझ्यातून शेळ्या जातात, मिठाची पोती जातात, आश्रमशाळेची मुले जातात, आशाताई रंजना लशींचा डबा मांडीवर घेऊन जाते. पण एके काळी माझ्या नाकावर मशीनगन होती. मी समुद्रावर पहारा दिला आहे आणि एक अख्खी पाणबुडी पळवून लावली आहे. पुरावा हवा असेल तर माझ्या उजव्या बाजूला या. वरून दुसऱ्या फळीला एक भोक आहे. ते गोळीचे आहे. करंगळी घालून पाहा, आरपार जाते.

याच भोकापायी गेल्या महिन्यात मला कायमचे पाण्याबाहेर काढायची वेळ आली होती. ते सांगायचेच आहे. पण आत्मवृत्त जन्मापासून सांगतात, म्हणून जन्मापासून सांगते.

माझा जन्म इकडे झाला नाही. जिथे नदी समुद्राला मिळते अशा एका खाडीकाठच्या गावी मला सुतारांनी बांधले. सागाच्या फळ्या, आतून बाभळीच्या वाकड्या फासळ्या, फळ्यांच्या फटींत कापूस आणि वर डांबर. बोट अशीच बांधतात, त्यात मोठेपणा सांगण्यासारखे काही नाही. मोठेपणा माझ्या वेगात होता. मी इतकी जोरात धावायचे की माझी सावली मागे राहायची. बंदरात पोहोचल्यावर आमचा तांडेल, म्हणजे मला चालवणारा मुख्य माणूस, बिडी पेटवून सावली येईपर्यंत थांबत असे. सावलीशिवाय बोट बांधून ठेवणे बरे नव्हे, असे तो म्हणायचा.

माझे काम साधे होते. केळी, कौले, नारळ आणि माणसे या काठाहून त्या काठाला न्यायची. लग्नाचे वऱ्हाडही मी पुष्कळ नेले. वऱ्हाडाबरोबर एक शेळी ठरलेली असायची. तिच्या नशिबात काय आहे हे वऱ्हाडाला ठाऊक असे, शेळीला नसे. एकदा मात्र एका शेळीला ते कळले आणि ती माझ्या तळाशी फळ्यांखाली जाऊन बसली, ती बाहेर यायलाच तयार होईना. शेवटी वऱ्हाडाला वरणभात खावा लागला. ती शेळी माझ्यातच राहिली. तिला लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

मग एकाहत्तर सालची लढाई लागली.

नौदलाकडे मोठ्या बोटी होत्या, त्या खोल पाण्यातल्या. किनाऱ्याला शंभर ठिकाणी खाड्या, उथळ पाणी, खडक. तिथे मोठी बोट शिरत नाही. तिथून कोणी चोरून आत आले तर पाहणार कोण? म्हणून किनाऱ्यावरच्या आम्हा साध्या बोटी पहाऱ्यासाठी मागवल्या, असे मी सांगते आणि तुम्ही ऐकता. एके सकाळी पांढऱ्या कपड्यांतले एक साहेब आले. त्यांनी माझ्या कुशीवर हाताने टकटक केले, वास घेतला, आणि म्हणाले, "हिला केळ्यांचा वास येतो."

आमचा तांडेल म्हणाला, "साहेब, शत्रूला बारुदाचा वास ओळखता येतो. केळ्याचा वास आला तर त्याला वाटेल बाजार आला."

साहेबांना ते पटले. मला घेतले.

मला बदलायला चार लोक लागले. माझ्या नाकावर तांडेलाच्या बायकोने काढलेले दोन डोळे होते, ते खरवडले. केळ्यांचे घड टांगायचे बांबू काढले आणि तिथे वायरलेसची पेटी ठेवली. कडेने वाळूची पोती रचली. अंगभर करडा रंग दिला, जो अजून अर्धा शिल्लक आहे. माझे नाव पुसून आकडा लिहिला. शेवटी नाकावर लोखंडी तिपाई ठोकून मशीनगन बसवली. मी आरशात पाहिले नाही, पण शेजारच्या मासेमारी होडीने माझ्याशी बोलणे बंद केले. त्यावरून काय ते समजले.

मशीनगनचा एक गुण कोणालाच ठाऊक नव्हता. ती चालवली की मी मागे जायचे. त्यामुळे आम्ही जाताना इंजिनावर जायचो आणि येताना गोळ्यांवर. डिझेल निम्मे लागू लागले. साहेबांना मात्र ही बचत आवडली नाही.

पहारा म्हणजे फार काही वीरश्रीचा प्रकार नसतो. या खाडीपासून त्या खाडीपर्यंत जायचे, कोणी अनोळखी दिसले तर वायरलेसवर कळवायचे, कोळ्यांना हटकायचे. कोळी वैतागायचे. "अरे, कालच तर विचारलंस, मी कोण ते! रात्रीत बदललो का?" असे ते म्हणायचे. शेळी अजून तळाशीच होती. ओळखीच्या इंजिनाचा आवाज आला तर ती गप्प राहायची, अनोळखी आला तर ओरडायची. वायरलेस दोनदा बिघडला. शेळी एकदाही बिघडली नाही.

एका पहाटे धुके पडले होते. समोरची मशीनगनसुद्धा दिसत नव्हती. तेवढ्यात शेळी ओरडली. तांडेलाने इंजिन बंद केले. पाण्यातून बुडबुडे आले, आणि आमच्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर एक काळी पाठ वर आली. पाणबुडी! तिचे झाकण उघडले, एक माणूस कमरेपर्यंत वर आला, त्याने आम्हाला पाहिले आणि बंदूक झाडली.

आता नीट ऐका, कारण इथेच लोक शंका घेतात. गोळी माझ्या उजव्या कुशीतून आत शिरली. तांडेलाच्या हातात चहाचा पेला होता, त्याला ती चाटून गेली. डाव्या कुशीतून ती बाहेर पडणार, तोच मी गर्रकन वळले. गोळी सरळच होती, वळले मी. त्यामुळे डावी कूस जिथे असायला हवी तिथे उजवी आली, आणि गोळी आली त्याच भोकातून परत गेली. ती थेट पाणबुडीच्या झाकणावर आपटली. घंटेसारखा आवाज झाला. तो माणूस आत गेला, झाकण लागले, आणि पाणबुडी जी बुडाली ती पुन्हा किनाऱ्याकडे फिरकली नाही.

म्हणून माझ्या उजव्या कुशीला भोक आहे आणि डावीला नाही. काही चिकित्सक लोक विचारतात की गोळीचे भोक इतके गुळगुळीत कसे. अहो, गोळी तिथून दोनदा गेली. भोकाच्या खालच्या काठाला एक खाच आहे, तीही विचारतात. ती मी वळताना पडली.

लढाई संपली. मशीनगन काढून नेली, तिपाईची चार छिद्रे राहिली. मला ना पदक ना प्रमाणपत्र. शेळीला मात्र तांडेलाने म्हातारी होईपर्यंत सांभाळले. मी पुन्हा केळी वाहू लागले, पण करड्या रंगामुळे लग्नाची वऱ्हाडे माझ्यात बसेनात. मग पूल झाले, रस्ते झाले, आणि केळी ट्रकने जाऊ लागली. मी खाडीच्या चिखलात पडून राहिले. माझ्यात खेकडे राहू लागले. काही वर्षे गेली.

इकडे नर्मदेवर धरण बांधले आणि पाणी चढत चढत मणिबेलीत आले. घरे गेली, शेते गेली, पायवाटा गेल्या. जे लोक हलले नाहीत त्यांनी वर डोंगरावर पाडे केले. पूर्वी जिथे चालत जायचे तिथे आता पाणी. गावात रेवजी म्हणून एक जण होता. त्याला लाकूडकामाचा हात होता आणि तोवर तो डुंगी, म्हणजे इकडची लहान होडी, वल्हवत असे. डुंगीत चार माणसे बसली की पाचव्याने श्वास घ्यायचा नाही. गावाने ठरवले की मोटारबोट हवी. रेवजी हिंडत हिंडत समुद्रापर्यंत आला. त्याने माझ्यातले खेकडे काढले, माझ्या फळ्या वाजवल्या, आणि मला ट्रकवर चढवले.

मित्रांनो, खानदेशात बोटीने सडकेवरून केलेला तो प्रवास आठवला की मला अजून हसू येते. नवापूरला लोक विचारत होते, "पूर कुठे आलाय?" धानोऱ्याला ट्रक चहासाठी थांबला. बाजारचा दिवस होता आणि नंदुरबारची बस आली नव्हती. रेवजी चहा पिऊन येतो तो माझ्यात तीसेक माणसे, दोन कोंबड्यांचे खुराडे आणि एक म्हातारा खुर्चीसकट बसलेला. कोणी उतरेना. म्हातारा म्हणाला, "हाई बी सरकारनीच गाडी शे ना? मंग चाल!" मी त्यांना नंदुरबारपर्यंत नेले. दोघे जण तर अर्धे तिकीटही मागत होते.

पण त्या प्रवासाने मला एक गोष्ट कायमची शिकवली. लाकडाची बोट पाण्यात जुनी होते, पण जमिनीवर मरते. उन्हात फळ्या आकसतात आणि फटी उघडतात. मणिबेलीला पोहोचेपर्यंत माझी उजवी बाजू तडकली होती. रेवजीने काही फळ्या बदलल्या. त्यात तपशिलाने सांगण्यासारखे काही नाही. फटींत भरायला कळसाडीचा कापूस आणला, वरून डांबर चोपडले, अंगावर उरलेला करडा रंग खरवडायला नको म्हणून नव्या फळ्यांनाही तसाच लावला. पाण्यात सोडताना मोहाच्या पहिल्या धारेचे थेंब माझ्या नाकावर आणि नदीत शिंपडले. याहा मोगी म्हणजे इकडच्या लोकांची देवी, आई. तिचे नाव घेतले. नवीन सून घरात घेतात तसे मला पाण्यात घेतले. मी आपल्या परीने लाजले.

तेव्हापासून मी इथे आहे. मी काय काय वाहिले? तांदूळ, रॉकेल, सिमेंट, पुस्तके, नवऱ्या, नवरे, मतपेट्या. निवडणुकीचे साहेब दर वेळी माझ्याबरोबर फोटो काढतात आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरतात. एका पावसाळ्यात एक बाळंतपण माझ्यातच झाले. रंजना होती म्हणून निभावले. त्या मुलाचे नाव त्यांनी माझ्यावरून ठेवायला हवे होते, पण ठेवले नाही. माझे जुने इंजिन गेले आणि तिथे शेतातल्या पंपाचे इंजिन आले. ते खोकते. रेवजी वारला. त्याचा मुलगा नारसिंग मला चालवू लागला. मग पांढऱ्या फायबरच्या बोटी आल्या, पण त्या पर्यटकांच्या. त्या आमच्या पाड्याला थांबत नाहीत. आमच्या पाड्याला मी एकटीच.

मला तोंड नाही. माझे तोंड म्हणजे नारसिंग. बापाकडून त्याने माझी लढाई ऐकली होती, आणि बसणाऱ्या प्रत्येकाला तो ती ऐकवायचा. पाणी लांबचे, इंजिन संथ. पाणबुडी वर येईपर्यंत निम्मे अंतर कापलेले असायचे आणि गोळी परत जाईपर्यंत काठ लागायचा. तो मूळ गोष्टीत भर घालायचा, हे मी मान्य करते. शेळीला त्याने एकदा हवालदार केले होते. बसणारे लोक भोकात करंगळी घालून पाहायचे. मला गावात कोणी नावाने हाक मारीत नाही. म्हणतात, लढाईवाली.

एक सोमीबाई तेवढी वेगळी. ती पाड्यावरची म्हातारी. घरी भिली बोलते, परक्यांशी बेताची मराठी. ती कधीही बसली की उजव्या बाजूला, त्या भोकाशीच बसते. दुसरे कोणी तिथे असले तर नुसती उभी राहते, मग ते उठतात. बसल्यावर अंगठा त्या खाचेत ठेवते आणि काठ येईपर्यंत काढत नाही. नारसिंगची गोष्ट ऐकून ती कधी हसली नाही, कधी काही बोलली नाही. शूरांचा मान ठेवणारी बाई, असे मी समजत होते.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. कोणीतरी नारसिंगचा व्हिडिओ काढला आणि तो फोनाफोनांतून फिरत कळसाडीला हेमकांतभाऊंपर्यंत पोहोचला. हेमकांतभाऊंची केळी आहे, कापूस आहे, आणि शहाद्याच्या रस्त्याला बाग असलेले मोठे हॉटेल आहे. ते आले, अंगठ्या घातलेली करंगळी भोकात घातली आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटे नाही सांगत, खरेच भरून आले.

"नारसिंग," ते म्हणाले, "देशनासाठी गोयी खायेल होडी, आनि तू तिनामा बकऱ्या भरस? काही लाज शे का तुले?"

नारसिंग म्हणाला, "भाऊ, बकऱ्या पोहत नाहीत."

"मी लई जासू तिले. मन्हा हॉटेलसमोर शिमिटना चौथरा बांधसू, वर झेंडा, चारीबाजूले लाईट. पाटीवर तुन्हं नाव. लोके नमस्कार करतीन. भोकले पितळनी कडी बसाडसू."

पोलीसपाटील आमशा तिथे होता. तो हळूच म्हणाला, "आणि आमचं काय, भाऊ? दुसरी बोट?"

"भेटी जाई. बदलीमा देसू ना फायबरनी. पाणी-पाऊस सरू दे."

बदल्यात देऊ, पावसाळा सरू दे, हे शब्द या काठाने पूर्वी ऐकलेले आहेत. पण नको तरी कसे म्हणायचे? लढाईत लढलेल्या बोटीला मान मिळतो आहे आणि आम्हाला तो नको, असे कोणी तोंडाने म्हणते का? नारसिंग तर दोन्हीकडून कात्रीत सापडला. इतकी वर्षे सांगितलेली गोष्ट. ती खोटी म्हणावी तर बापही खोटा आणि स्वतःही. खरी म्हणावी तर बोट गेली. तो नुसता इंजिनाची नळी पुसत राहिला.

जाताना हेमकांतभाऊंनी एकच अट घातली. "माले गोयीवाली होडी जोयजे. भोक गोयीनंच शे ना? गोयी नही त काय, लाकूड मन्हा खळामा बी पडेल शे."

"गोळीचंच," नारसिंग म्हणाला. त्याचा आवाज पंपाच्या इंजिनासारखा आला.

मला काय वाटले ते सांगते. आधी मला बरे वाटले. झेंडा, दिवे, नमस्कार. शेळ्या नाहीत. मग त्याच दुपारी ऊन तापले, माझ्या वरच्या फळीने एक बारीक आवाज केला, आणि मला ट्रकवरचा तो प्रवास आठवला. चौथऱ्यावर एक उन्हाळा. दोन उन्हाळे. मग माझ्या फटींतून हॉटेलच्या बागेतली मांजरे ये-जा करतील आणि वर पितळेची कडी चमकत राहील. आणि इकडे रंजना लशींचा डबा घेऊन काठावर उभी राहील. पण मी काय करणार? माझे तोंड नारसिंग, आणि त्याने तोंडाला कुलूप लावलेले.

ठरलेल्या सकाळी पलीकडच्या काठावर ट्रक येऊन थांबला. तिथे डांबरी सडक सरळ पाण्यात उतरून संपते. मला तिथवर न्यायचे होते. हेमकांतभाऊ आदल्या रात्रीच पाड्यावर येऊन राहिले होते, तेही माझ्यात बसूनच येणार होते. आणि मग या लोकांनी असे काही केले, जे या लोकांखेरीज कोणी केले नसते. इकडे मुलगी सासरी निघाली की तिला एकटीला जाऊ देत नाहीत, सगळा पाडा शिवेपर्यंत पोहोचवायला जातो. गावाची जुनी शीव पाण्याखाली, पलीकडच्या काठाशी आहे. मला सून म्हणून घेतले होते, तर आता लेकीसारखे पोहोचवायला अख्खा पाडा माझ्यात चढला. बाया, बाप्ये, लेकरे, एक ढोल, आणि सवयीने दोन शेळ्या. आमशाने मोहाची बाटली आणली होती. माझ्या नाकावर थेंब शिंपडले. सोमीबाई आपल्या जागी, भोकाशी बसली. मांडीवर तिचे गाठोडे, दोरीने बांधलेले.

नारसिंगने इंजिन सुरू केले. ढोल वाजू लागला. मी निघाले.

निम्म्या पाण्यात आल्यावर सोमीबाईने सहज विचारले, "नारसिंग, परत येताना कशात बसायचं रे?"

ढोल थांबला.

नारसिंगने तिच्याकडे पाहिले. मग मागे मणिबेलीच्या डोंगराकडे पाहिले. मग आमशाकडे. आमशाने बायकोकडे पाहिले. एकाच्याही डोक्यात हे आले नव्हते. सगळा पाडा मला पोहोचवायला निघाला होता, आणि पाड्याला परत पोहोचवणारी मीच होते.

"तूच सांगायचं होतंस ना," आमशाची बायको त्याच्यावर खेकसली. "मोठा पोलीसपाटील!"

"मी बाटली आणली," आमशा म्हणाला.

"ट्रकमा बसा," हेमकांतभाऊ म्हणाले, "मी सोडसू."

"कुठं सोडणार?" नारसिंग म्हणाला. "रस्ता कुठं आहे?"

इंजिन खोकत राहिले. काठावरचा ट्रक मोठा होत चालला. हेमकांतभाऊंनी विषय बदलायला खिशातून फोन काढला. "चाल नारसिंग, शेवटला दाव गोष्ट सांग, मी शूटिंग करस. पाणबुडी येस तठून सांग."

नारसिंगने सांगायला सुरुवात केली. धुके आले, शेळी ओरडली, पाणबुडी वर आली. पण त्यात जीव नव्हता. शेळी हवालदारसुद्धा झाली नाही. गोळी आत शिरली तशी हेमकांतभाऊ फोन घेऊन भोकाकडे वळले.

मित्रांनो, हीच वेळ माझे शेवटचे चार शब्द सांगायची आहे असे मला वाटले. आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करतात. तर माझी एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूला मान देऊ नका, काम द्या. तिला उंचावर बसवू नका. तिच्यात बसा, तिच्या फटींत कापूस भरा, तिला ओली ठेवा. नमस्कार केल्याने लाकूड टिकत नाही. हे मी, एक पाणबुडी पळवून लावलेली बोट, तुम्हाला कळकळीने...

"माय, जरा सरक," हेमकांतभाऊ सोमीबाईला म्हणाले. "गोयीनं भोक दिसू दे."

सोमीबाई सरकली नाही. "कोणती गोळी?"

"पाणबुडीनी. नारसिंग रोज सांगस ना, तू नही ऐकस का?"

"ऐकते की. रोज ऐकते." सोमीबाईने गाठोड्याची दोरी सोडायला सुरुवात केली. "पाणी लांब आहे. गोष्ट असली की कापतं. म्हणून मी त्याला कधी अडवलं नाही. त्याच्या बापालाही नाही."

तिने दोरीचे टोक भोकातून बाहेर घातले. बाहेरून दुसऱ्या हाताने धरले आणि खाली ओढले. दोरी त्या खाचेत बसली. अशी बसली की तिला इकडे तिकडे हलायला जागाच उरली नाही.

"पाणी चढलं तेव्हा आम्ही घर उतरवलं," ती म्हणाली. "खांब वर नेले. दरवाजा रेवजीला दिला, बोटीची बाजू फुटली होती म्हणून. हा तो. आतून आडवी लाकडी अडणी असायची, दोरी तिला बांधलेली. बाहेरून अशी ओढली की अडणी वर उचलली जायची, दार उघडायचं. सासू ओढायची. मग मी ओढली. पोरं ओढायची, शेतातून आली की. ओढून ओढून खाच पडली."

नारसिंगचा हात सुकाणूवर होता तिथेच राहिला. हेमकांतभाऊंनी फोन खाली घेतला. त्यांनी भोकाकडे पाहिले, दोरीकडे पाहिले, काठावर थांबलेल्या ट्रककडे पाहिले.

मित्रांनो, मी म्हणणार होते की मी वळताना अशीच खाच...

"गोळी नाही न काही नाही," सोमीबाई सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "खोटं बोलते ही बोट. वळव, नारसिंग. दरवाजा घरी घेऊन चल."